‘फवारणी गडी माणसं करतात, मग नमुने बायकांचे कशाला?’ : संशोधन मान्यता समित्यांना खुलं पत्र

मराठवाड्यातल्या विद्यापीठांच्या संशोधन मान्यता समित्यांचे सन्माननीय सदस्य आणि पीएच.डी.चे मार्गदर्शक,

सप्रेम नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवते. माझ्या ओळखीतल्या एका विद्यार्थिनीचा सिनॉप्सिस, म्हणजे पीएच.डी.चा आराखडा, मध्यंतरी आरआरसीतून (संशोधन मान्यता समितीतून) परत आला. कोणत्या विद्यापीठातून, ते सांगत नाही. हे उद्या कुठंही होऊ शकतं. कापूसपट्ट्यातल्या गरोदर बायकांच्या लघवीत कीटकनाशकांचे अंश वर्षभरात कसे कमीजास्त होतात आणि बाळाच्या जन्मवजनाशी, पुढच्या वाढीशी त्यांचा काही संबंध दिसतो का, हा तिचा विषय. लेखी शेरा आला की विषय रसायनशास्त्राच्या कक्षेत बसत नाही. दुसरा शेरा तोंडी होता. एका सदस्यांनी विचारलं, ‘फवारणी तर गडी माणसं करतात, मग नमुने बायकांचे कशाला?’

कक्षेचं पुढं बोलू. आधी या तोंडी प्रश्नाचं उत्तर देते, कारण तो काही वाईट हेतूनं विचारलेला नव्हता. आपल्यातल्या बहुतेकांना तसंच वाटतं.

त्या मुलीबरोबर मी मानवतकडच्या एका गावात प्रश्नावली भरायला गेले होते. छापील प्रश्न होता, ‘तुम्ही कीटकनाशकाची फवारणी करता का?’ बाई म्हणाली, ‘नाही बाई, औषध तर मालक मारतेत.’ ‘नाही’च्या चौकोनात खूण झाली. फॉर्मच्या हिशोबानं प्रश्न मिटला. मग मी सहज विचारलं, पंपाला पाणी कोण आणतं? ‘मीच की.’ औषध मोजून कोण टाकतं? ‘त्यांच्या पाठीवर पंप असतोय, मी टोपणानं टाकते.’ ढवळता कशानं? ‘काडीनं.’ मग थोडं थांबून, ‘काडी नाही घावली तर हातानंच.’ फवारणीचे कपडे कोण धुतं, असं विचारल्यावर ती नुसती हसली. असलं काय विचारायचं असतं का, असं ते हसू होतं. ओसरीत झोळी बांधलेली होती, आत चारेक महिन्यांचं लेकरू झोपलेलं. झोळीच्या बरोबर वर खुंटीला मालकाचा फवारणीचा शर्ट अडकवलेला, खांद्यावर पंपाच्या पट्ट्याचे पिवळट डाग. न्हाणीच्या कोपऱ्यात औषधाचा पाच लिटरचा कॅन वरून कापून पाणी घ्यायला ठेवलेला.

प्रश्नावलीत यातल्या एकाही गोष्टीला जागा नव्हती. तिच्या नावापुढं व्यवसाय ‘गृहिणी’ आणि संपर्क ‘शून्य’ असं पडलं असतं. उद्या हीच बाई कुणाच्या तरी प्रबंधात ‘कंट्रोल ग्रुप’ म्हणून, म्हणजे औषधाशी संपर्क नसलेल्या तुलनेच्या गटात, बसली असती, आणि फवारणाऱ्यांत न फवारणाऱ्यांत फरक आढळला नाही असा निष्कर्ष तुमच्यासमोर व्हायव्याला, म्हणजे तोंडी परीक्षेला, आला असता.

बाईच्या वर्षाकडं जरा नीट बघा. जूनमध्ये सरकी टोबायला बायकाच असतात. पाकिटातून निघणारं बी गुलाबी नाहीतर निळं असतं. त्याला इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झामसारखं कीटकनाशक चोळलेलं असतं आणि रंग दिलेला असतो तो कुणी चुकून खाऊ नये म्हणून. दुपारच्या भाकरीला बसतात तेव्हा बोटं रंगलेलीच असतात. जुलैपासून मावा, तुडतुडे, फुलकिडे, मग बोंडअळी; एकेका किडीवर औषध पडत राहतं आणि त्याच रानात दुसऱ्या दिवशी निंदायला बायका शिरतात, कमरेएवढ्या ओल्या झाडांत. दसरा-दिवाळीपासून वेचणी. बोंडाच्या वाळक्या काट्यांनी बोटांची कातडी फाटलेली असते, त्याच बोटांनी कापूस ओढायचा. कापूस संपला की पऱ्हाटी उपटून घरी येते आणि उन्हाळाभर चुलीत जळते. गडी माणूस पंप पाठीवरून उतरवतो तेव्हा त्याचं काम संपतं. बाईला त्या औषधातून उन्हाळ्यापर्यंत सुट्टी नसते.

२०१७ साली शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्याची बातमी झाली, चौकशी बसली, मास्क-हातमोजे वाटले गेले. ते व्हायलाच हवं होतं. पण त्या साऱ्या धावपळीत ‘विष’ म्हणजे माणूस चक्कर येऊन पडतो ते, एवढीच व्याख्या पक्की झाली. रोज थोडंथोडं पोटात, फुप्फुसात, कातडीतून जाणारं आणि कुणालाही न पाडणारं जे असतं, त्याला बातमी नाही आणि खातंही नाही. कृषी खातं किडीचं बघतं, आरोग्य खातं रुग्णाचं. ही बाई दोन्हीकडं बसत नाही.

कीटकनाशकांच्या डब्यांवरचे रंगीत त्रिकोण हेच सांगतात. लाल, पिवळा, निळा, हिरवा. प्रत्येक कृषी सेवा केंद्रात पोस्टर असतं आणि शेतकऱ्याला वाटतं की हिरवा म्हणजे घरच्यासारखा. हे रंग १९७१ च्या कीटकनाशक नियमांतले आहेत आणि ते ठरतात मारक मात्रेवर, म्हणजे प्रयोगशाळेतले निम्मे प्राणी एका दमात मरायला किती लागतं त्यावर. किलोमागं ५० मिलिग्रॅमपर्यंत लाल, ५,००० च्या वर हिरवा. गर्भावर काय होतं, थायरॉइडवर काय होतं, शाळेत गेलेल्या पोराच्या लक्ष लागण्यावर काय होतं, याचा त्या रंगाशी काडीचा संबंध नाही. मॅन्कोझेब घ्या. भाजीवर, द्राक्षावर सर्रास मारलं जाणारं बुरशीनाशक. उंदरांवरची त्याची मारक मात्रा ५,००० च्या वर आहे, म्हणजे एका घोटात मारण्याच्या मोजपट्टीवर अगदी गरीब. पण डिसेंबर २०२० मध्ये युरोपीय संघानं त्याची मंजुरी वाढवायला नकार दिला, आणि कारणांत प्रजननाला घातक व हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करणारं ही दोन होती. ते विघटन होऊन एथिलीनथायोयुरिया तयार होतं, जे थायरॉइडला त्रास देतं. आणि गर्भाच्या मेंदूला पहिले काही महिने आईच्याच थायरॉइडवर विसंबावं लागतं. कोस्टारिकात केळीच्या बागांशेजारी राहणाऱ्या गरोदर बायकांच्या लघवीत हे एथिलीनथायोयुरिया मोजलं गेलंय, त्यांच्या मुलांचा पाठपुरावा होतोय. आपल्याकडं वांगी-टमाट्याच्या वावरात ओटीत माल घेऊन फिरणाऱ्या बायकांचं कुणी मोजायचं?

मग ‘कक्षे’चा शेरा. माझा स्वतःचा प्रबंध पायराझोल नावाची संयुगं प्रयोगशाळेत तयार करण्यावर आहे. संयुग करायचं, स्पेक्ट्रा काढायचे, दोन जिवाणूंवर आणि एका बुरशीवर टाकून बघायचं, तीन पेपर, व्हायवा, पेढे. आपल्या भागातले रसायनशास्त्राचे कितीतरी प्रबंध याच वाटेनं गेलेत आणि मला त्या वाटेबद्दल तक्रार नाही. हात तयार होतो, नोकरीला उपयोग होतो (झाली तर). पण जे हात नवी संयुगं करतात, त्यांनाच आधीपासून वावरात असलेली संयुगं माणसाच्या लघवीत शोधता येतात. क्लोरपायरीफॉसचं शरीरात ट्रायक्लोरोपिरिडिनॉल होतं, सायपरमेथ्रिनसारख्यांचं ३-फिनॉक्सिबेन्झॉइक आम्ल होतं. ती लघवीतून वेगळी काढणं, मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजणं, लघवी किती पातळ आहे ते क्रिएटिनीनवरून बघून आकडा दुरुस्त करणं, हे रसायनशास्त्र नाही तर काय आहे? विषय कक्षेत बसत नसेल तर कक्षेची भिंत कुणी आणि कधी घातली, हे तरी एकदा बघा.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती सदस्यांनी विचारली असती तर मला आनंद झाला असता. ती वेळेची आहे. ही औषधं अंगात टिकत नाहीत. आज कालवलेल्या क्लोरपायरीफॉसचा अंश एक-दोन दिवसांत निम्म्याखाली जातो. प्लास्टिकमधलं बिस्फेनॉल तर काही तासांत. त्यामुळं सोयीच्या एखाद्या मंगळवारी, लसीकरणाच्या सत्राला आलेल्या बाईकडून डबीभर लघवी घेतली आणि त्यावर तिचं अख्खं गरोदरपण तोललं, तर ते संशोधन नव्हे, चिठ्ठी उचलणं झालं. एकाच बाईचे अनेक नमुने हवेत: फवारणीच्या दुसऱ्या दिवशीचा, उघडिपीचा, वेचणीतला, उन्हाळ्यातला. शिवाय बाईचे महिने आणि पिकाचे महिने एकावर एक ठेवून बघायला हवेत. जूनमध्ये दिवस गेलेल्या बाईचे पहिले सहा महिने ऐन फवारणीत जातात. डिसेंबरात दिवस गेलेल्या बाईचे वेचणीत आणि चुलीच्या धुरात. दोघींना ‘कापूसपट्ट्यातल्या गरोदर स्त्रिया’ म्हणून एका रकान्यात टाकणं चूक आहे.

आणखी पुढं. गर्भाच्या मेंदू-मणक्याची नळी दिवस गेल्यापासून साधारण चार आठवड्यांत मिटते. आपली आशाताई बाराव्या आठवड्याच्या आत नोंदणी झाली तर खूश असते, आणि ती असायलाच हवी; पण संशोधनाला तोवर उशीर झालेला असतो. नव्यानं लग्न झालेल्या, अजून दिवस न गेलेल्या मुलींपासून सुरुवात करावी लागते. हे अशक्य आहे असं कुणी म्हणू नये. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी, डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी, १९९३ पासून हेच केलं. लग्न झालेल्या बायकांच्या पाळीच्या तारखा दर महिन्याला घरी जाऊन लिहून घेतल्या, दिवस गेले की पोषण मोजलं, मुलं झाली, ती वाढली, त्यांचीही मोजमापं होत राहिली. भारतातलं बाळ वजनाला हडकुळं पण अंगातल्या चरबीनं तसं नसतं, ही जगानं उचललेली गोष्ट त्या खेड्यांतून निघाली. तो अभ्यास पोषणाचा होता. रसायनांसाठी तसा एखादा अभ्यास गोदावरीच्या काठाला का उभा राहू नये?

कॅलिफोर्नियातल्या सालिनास खोऱ्याचं उदाहरण तर आपल्या आणखी जवळचं आहे, कारण तिथंही मजूर बायकाच आहेत, मेक्सिकोतून आलेल्या, भाजीपाल्याच्या शेतात राबणाऱ्या. १९९९-२००० मध्ये तिथं सहाशेच्या आसपास गरोदर बायकांची नोंद झाली. २०११ मध्ये निष्कर्ष आला: गरोदरपणात ज्यांच्या लघवीत ऑर्गॅनोफॉस्फेट औषधांचे (क्लोरपायरीफॉस त्यांतलंच) अंश सर्वांत जास्त होते, त्यांच्या सात वर्षांच्या मुलांचा बुद्ध्यांक सर्वांत कमी अंश असलेल्यांच्या मुलांपेक्षा सरासरी सात गुणांनी कमी. नोंदणीपासून निष्कर्षापर्यंत अकरा-बारा वर्षं. एवढी वर्षं कुठल्या पीएच.डी.ला परवडतात?

एकालाही नाही, आणि माझं मुख्य म्हणणं इथंच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांत पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं आहेत. मुलींना आणखी दोन मिळू शकतात, बाळंतपणाची रजा २४० दिवसांपर्यंत. एका विद्यार्थिनीच्या सहा वर्षांत गावं निवडणं, बायकांचा विश्वास मिळवणं, नमुने, यंत्र, बाळं आणि बाळांची वाढ हे सगळं बसणार नाही. ते बसवायला गेलं की मग नमुने घाईनं येतात, गावं शहराजवळची निवडली जातात आणि निष्कर्ष आधी ठरतो. पण एकच माता-नोंदवही ठेवली आणि तिच्यावर पाच-सहा प्रबंध एकापाठोपाठ उभे राहिले तर? पहिली मुलगी कामाचं कॅलेंडर आणि प्रश्नावली करेल. दुसरी लघवीतले अंश मोजायची पद्धत बसवेल. तिसरा विद्यार्थी कृषी विद्यापीठातला असेल, तो कुठल्या रानात कधी काय पडलं ते नोंदवेल. चौथी वैद्यकीय महाविद्यालयातली, बाळंतपणं आणि बाळं बघेल. पाचव्यापर्यंत मुलं अंगणवाडीत आलेली असतील. परभणीचं वसंतराव नाईक कृषी विद्यापीठ, अंबाजोगाईचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, नांदेडचं आणि संभाजीनगरचं विद्यापीठ, सगळं काही तासांच्या एसटी अंतरावर आहे. आजवर त्यांना एका नोंदवहीवर आणलं नाही, कारण तुमच्या फॉर्मवर ‘विषय’ या शब्दापुढं एकच रेघ आहे आणि मार्गदर्शकापुढंही एकच.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचं काय, असं बीड-धारूरकडचे सदस्य विचारतील. बरोबर आहे. दिवाळीच्या सुमाराला कोयता, म्हणजे ऊस तोडणारं जोडपं, निघाला की बाई पाच-सहा महिने सांगली-कोल्हापूरकडं, कर्नाटकात. अशा बायका अभ्यासातून ‘गळतात’ आणि प्रबंधात एका ओळीत त्यांचा उल्लेख होतो. गळू द्यायच्या नसतील तर पाठपुरावा फडावर न्यावा लागेल, मुकादमाच्या परवानगीनं नव्हे, बाईच्या. हे सोपं नाही हे मला कळतं. पण ज्यांचं जिणं सर्वांत अवघड त्याच वगळल्या तर उरलेल्यांवरचा निष्कर्ष मराठवाड्याचा म्हणून मिरवू नये.

आता औषधाच्या पलीकडचं थोडं. घरात शिसं येतं ते निरनिराळ्या वाटांनी. विकतचं काजळ आणि सुरमा यांत ते सापडतं. घरी दिव्याच्या काजळीचं काजळ करणाऱ्या आजीबाई त्या बाबतीत तरी शहाण्या. हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून लेड क्रोमेट हा शिशाचा पिवळा रंग मिसळण्याची भेसळ बांगलादेशात उघडकीला आली आणि आपल्या देशातल्या काही शहरांतल्या नमुन्यांतही शिसं आढळलं. वसमत-हिंगोलीची हळद देशभर जाते. ती निर्मळ आहे हे यंत्रावर दाखवून देणारा प्रबंध झाला तर शेतकऱ्याचाच फायदा. रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) आहे, १ नोव्हेंबर २०१७ पासून; पण गावातल्या जुन्या शाळांच्या खिडक्या त्याआधी रंगवलेल्या आहेत. शिसं औषधासारखं दोन दिवसांत जात नाही. ते हाडांत जाऊन दशकानुदशकं बसतं आणि गरोदरपणात हाडं झिजतात तेव्हा पुन्हा रक्तात उतरतं, म्हणजे आईनं लहानपणी खाल्लेलं शिसं बाळाला पोचतं. अंगात लोह कमी असेल तर आतडं शिसं जास्त ओढून घेतं. राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयी आहेत. तेव्हा रक्तातलं शिसं मोजताना हिमोग्लोबिन न मोजणारा सिनॉप्सिस तुम्ही खुशाल परत पाठवा.

मिशरी राहिलीच. भाजून काळी केलेली तंबाखू सकाळी दाताला लावणाऱ्या बायका, त्यांतल्या गरोदरही, आपल्याला प्रत्येक गल्लीत माहीत आहेत. मुंबईतल्या १,२१७ बायकांवरचा अभ्यास २००४ मध्ये छापून आला: बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनी कमी आणि बाळंतपण सहा दिवसांनी अलीकडं. कीटकनाशकाच्या अभ्यासात मिशरी विचारली नाही तर मिशरीचं पाप औषधाच्या माथी जाईल, किंवा उलट.

प्लास्टिकबद्दल मात्र मी थोडी हटवादी आहे. सध्या जो तो कागदी कप आणि पिशवीतला चहा यांवर सिनॉप्सिस आणतो. विषय वाईट नाही. पण कपाच्या आतलं अस्तर पॉलिथिनचं, ते वेगळं. लवचीक पीव्हीसीतले, त्याला मऊ ठेवणारे थॅलेट वेगळे. कठीण पारदर्शक बाटल्यांतलं बिस्फेनॉल वेगळं. ‘प्लास्टिकचे दुष्परिणाम’ या एका पिशवीत सगळं कोंबून आणणाऱ्याला आधी पिशवी कशाची ते विचारा.

आता धोक्याचं. हे लिहिल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं. सरकारनं समिती नेमली, सर्वेक्षण झालं, तेरा हजारांहून अधिक बायकांची ही शस्त्रक्रिया झाल्याचं पुढं आलं. त्यांत तिशी-पस्तिशीतल्याही कितीतरी. अंगावरून जातं, पोट दुखतं, पाळीत खाडा पडतो, पुढं कॅन्सर होईल: एवढ्यावर पिशवी काढली गेली. याचा कीटकनाशकांशी संबंध मी जोडत नाही. तसा पुरावा माझ्यासमोर नाही, आणि कामाची पद्धत, कर्ज, न्हाणीघर नसणं, नफेखोरी एवढी कारणं दिसत असताना रसायनाचं नाव घेणं म्हणजे दोषींना आडोसा देणं. मी हे सांगते ते वेगळ्या कारणासाठी. उद्या एखादा उथळ प्रबंध म्हणाला की ‘कीटकनाशकांमुळं गर्भाशयावर परिणाम’, तर ते कात्रण तालुक्याच्या कुठल्या तरी दवाखान्याच्या टेबलावर जाईल आणि पिशवी काढायला आणखी एक कारण मिळेल. अंगावरच्या दुधात औषधाचे अंश सापडले अशी चौकट छापून आली, की बाई दूध पाजायचं सोडेल आणि डब्याच्या पावडरीवर येईल, ती कालवणार मात्र त्याच बोअरच्या पाण्यात. दुधात अंश सापडतात म्हणून दूध तोडायचं नसतं, हे जागतिक आरोग्य संघटनेचंही म्हणणं आहे. पण ते बारीक टायपात येतं.

म्हणून निष्कर्ष आधी गावात, मग जर्नलात. आज उलट होतं. आमच्या भागात नमुने देऊन बसलेल्या बायका आहेत. कुणी रक्त नेलं, कुणी केस, कुणी विहिरीचं पाणी. मला एक जण म्हणाली, ‘पार डबी भरून दिली, काय निघालं ते कुणी सांगाया आलं नाही.’ त्या संशोधकाचा पेपर छापून आलाय, इंग्रजीत, चांगल्या नियतकालिकात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत संशोधनानंतरचा लाभ लोकांपर्यंत पोचवण्याबद्दल स्वतंत्र भाग आहे. एथिक्स कमिटीपुढं आपण संमतीपत्र मराठीत ठेवतो. निकालपत्र मराठीत ठेवायला काय हरकत आहे? त्यात आकडा असावा, त्या गावातल्या इतर बायकांच्या तुलनेत तो कुठं बसतो ते असावं, आणि ‘यावरून तुला किंवा बाळाला आजार आहे असं ठरत नाही’ हे वाक्य पहिल्या ओळीत असावं. आणि काय करता येईल तेही: शर्ट झोळीवर न टांगणं, फवारणीचे कपडे वेगळ्या बादलीत, कॅन फोडून टाकणं, ढवळायला काठी पंपालाच बांधून ठेवणं. गावसभेत हे सांगताना शास्त्र लंगडं पडत नाही. उलट बायकाच विचारतात ते ऐकलं की पुढच्या प्रबंधाचा विषय मिळतो.

तर मागणी अशी. माता-बाल आरोग्य आणि रसायनं यांवरच्या सिनॉप्सिसना दोन शाखांचे मार्गदर्शक चालतील, असा ठराव करा. एक रसायन किंवा शेतीचा, एक वैद्यकीय. एकाच नोंदवहीवरचे प्रबंध ‘पुनरावृत्ती’ म्हणून नाकारू नका. नमुने कामाच्या आणि गर्भाच्या महिन्यांनुसार घेतलेत का, हे विचारा. ‘नमुना संख्या किती’ एवढंच विचारू नका, कारण एकदा घेतलेल्या पाचशेपेक्षा सहादा घेतलेल्या ऐंशी बायका कधीकधी जास्त सांगतात. व्हायव्याची तारीख देण्याआधी निकालपत्र वाटल्याचा ग्रामपंचायतीचा किंवा आशाताईंचा दाखला मागा. आणि ‘फरक आढळला नाही’ हाही निष्कर्ष पदवीला पुरेसा माना. भारतासह चार देशांत सुमारे ३,२०० गरोदर बायकांवर मोठा प्रयोग झाला, निम्म्यांना गॅस दिला, निम्म्या चुलीवर राहिल्या. २०२२ मध्ये निकाल आला तेव्हा जन्मवजनात ठळक फरक निघाला नाही. तो निकाल जगातल्या सर्वांत मानाच्या वैद्यकीय नियतकालिकांपैकी एकात छापला गेला. आपल्याकडं तो घेऊन आलेल्या मुलीला आपण काय म्हटलं असतं?

यंत्राचा खर्च हा प्रश्न आहेच. प्रत्येक महाविद्यालयाला मास स्पेक्ट्रोमीटर मिळणार नाही, मिळालाच तर त्याला एसी आणि वीज मिळणार नाही. पण नमुना उणे वीस अंशांवर जपून ठेवायला साधा डीप फ्रीजर आणि इन्व्हर्टर पुरतो, आणि मोजणी पुण्या-हैदराबादला एकगठ्ठा करून घेता येते. पाच प्रबंधांनी तो खर्च वाटून घेतला तर एकेकाच्या फेलोशिपला फार खड्डा पडणार नाही.

त्या विद्यार्थिनीचा सुधारित सिनॉप्सिस ती पुढच्या बैठकीला पुन्हा ठेवणार आहे. प्रश्नावलीतला फवारणीचा प्रश्न तिनं काढून टाकलाय. त्या जागी आता बाईच्या दिवसाचा तक्ता आहे, पहाटे चूल पेटवण्यापासून रात्री कपडे भिजत घालण्यापर्यंत.

आपली,
रसायनशास्त्राची एक शिक्षिका, जि. परभणी

ता. क. : नमुने गोळा करायला प्रत्येक जण आशाताईंनाच हाताशी धरतो आणि प्रबंधाच्या सुरुवातीला त्यांचे आभार मानतो. अंदाजपत्रकात त्यांच्या दर फेरीचा मोबदला वेगळ्या रकान्यात दाखवल्याशिवाय सिनॉप्सिस घेऊच नका, असंही त्या ठरावात घालता आलं तर बघा.